पंचनाम्यात एक रकाना वाढवा: छप्पर कुठून सुटलं?

कोकण किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत आपत्ती व्यवस्थापनाचं, पंचनाम्यांचं आणि घरांच्या मदतीचं काम बघणाऱ्या सगळ्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी श्रीवर्धन तालुक्यात राहतो. घर जांभ्या चिऱ्याचं, आजोबांनी बांधलेलं, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, मागे नारळी-सुपारीची वाडी. या घराचं छप्पर वर्षाच्या आत दोनदा गेलं, एकदा निसर्ग चक्रीवादळात आणि एकदा तौक्ते चक्रीवादळात. तिसऱ्यांदा घातलेलं अजून जागेवर आहे.

मदत वाढवून द्या म्हणून हे पत्र नाहीये, हे आधीच सांगतो. मला मुख्य एकच गोष्ट मागायची आहे आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. वादळात घराचं नुकसान झालं की जो पंचनामा होतो त्यात एक रकाना वाढवा, छप्पर कुठून सुटलं असा. का मागतोय ते कळायला मात्र आमच्या घरावर काय काय झालं ते सगळं सांगावं लागेल, त्यामुळे पत्र लांबलंय, वाचा कृपा करून.

३ जून २०२० ला आम्ही घरात नऊ माणसं होतो. लॉकडाऊनमुळे चुलत भाऊ बायकामुलं घेऊन मुंबईहून आलेला. वादळ येणार हे दोन दिवस माहीत होतं, गावात दवंडी झाली होती, कच्च्या घरातली माणसं शाळेत नेली होती, पण आमचं घर पक्कं, चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, म्हणून आम्ही घरातच थांबलो. दुपारी साडेबारा-एकनंतर जे सुरू झालं ते अडीच-तीनपर्यंत चाललं. आधी आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या शेंड्यावरची कौलं, गेले. मग कौलं सुटायला लागली, एकेक नाही, ओळीच्या ओळी, आणि अंगणात पडून फुटत होती, आवाज एवढा की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं कळत नव्हतं. तरी तोपर्यंत वासे आणि रिपा जागेवर होत्या. मग समुद्राकडचा दरवाजा कडी मोडून आत आला. त्यानंतर पाच मिनिटंही लागली नसतील, मागचं पाखं, म्हणजे छपराचा मागचा उतार, वाशांसकट उचललं गेलं आणि वाडीत जाऊन पडलं. आम्ही सगळे माजघरात जिन्याखाली बसलो होतो, आईने देव टोपलीत भरून मांडीवर घेतले होते, आणि वर बघितलं तर आभाळ.

पुढे ८ दिवसांनी, ११ जूनला, मान्सून कोकणात दाखल झाला. ज्यांचं छप्पर गेलं नाही त्यांना या ८ दिवसांचा अर्थ कदाचित कळणार नाही. वीज नाही, फोनला रेंज नाही, रस्त्यावर झाडं, बाजारात ताडपत्री नाही आणि असली तर दर विचारायची सोय नाही, गावात सुतार दोन आणि घरं शेकड्याने उघडी. मग प्रत्येक जण स्वतःच वर चढला. त्यात लोक पडले, हातपाय मोडले, सिमेंटच्या पत्र्यावर मधेच पाय ठेवला की तो फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो हे ज्याला माहीत नव्हतं त्याला त्या आठवड्यात कळलं. आम्ही शाबूत राहिलेली कौलं गोळा करून पुढचं पाखं कसंबसं झाकलं आणि मागच्या बाजूला ताडपत्री टाकून अख्खा पावसाळा काढला. वीज महिन्यावर गेली यायला.

पंचनामा झाला. जे आले होते ते बिचारे सकाळपासून चालत फिरत होते, मास्क लावून, एकेका दिवसात किती घरं त्यांनी केली त्यांनाच माहीत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. घराची लांबी-रुंदी विचारली, घरपट्टीची पावती बघितली, आईला अंगणात उभं करून मागे घर दिसेल असा फोटो काढला आणि लिहून घेतलं की छपराचं नुकसान. सरकारने तेव्हा नेहमीच्या निकषांपेक्षा जास्त मदत दिली, पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० होते त्याचे दीड लाख केले, अंशतः नुकसानीचेही दर वाढवले. आम्हालाही पैसे मिळाले, उशिरा मिळाले पण मिळाले.

आता खरा प्रश्न. त्या पैशातून आम्ही काय केलं?

आमच्या घरावर दोन हजारांच्या वर मंगलोरी कौलं होती. त्यातली सातशे-आठशे वाचली. तशी जुनी जाड कौलं आता नवीन मिळणं अवघड, कुणी जुनं घर पाडलं तर त्याची आणायची, तीही मापाला बसतील असं नाही. शिवाय माकडं. वडील होते तोपर्यंत दर मे महिन्यात शाकारणी व्हायची, वडील वर आणि आम्ही मुलं खालून कौलं द्यायला, फुटलेली काढायची, पानाचा कचरा झाडायचा, सरकलेली सारखी करायची. आता शाकारणीला माणूस मिळत नाही आणि माकडांनी उड्या मारून महिन्याभरात परत तेवढीच फोडलेली असतात. त्यामुळे गावात सगळ्यांनी जे केलं तेच आम्ही केलं, कौलं सोडून पत्रे घातले. नोव्हेंबर २०२० मधे लोखंडी पाइपच्या कैच्या, म्हणजे छपराला पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्यावर आडवे पाइप आणि त्यावर रंगीत प्रोफाइल पत्रा. मिळालेली मदत, थोडं पतपेढीचं कर्ज आणि बायकोच्या बांगड्या. छान दिसत होतं. आईला वाटलं आता मरेपर्यंत बघायला नको.

मे २०२१ ला तौक्ते आलं. ते आमच्याकडे किनाऱ्याला लागलंच नाही, समुद्रातून वर गुजरातकडे गेलं. १६ मेच्या रात्रीपासून वारा वाढला आणि १७ तारखेला सकाळी आमचं सहा महिन्यांचं छप्पर गेलं. आणि कसं गेलं बघा. एकही स्क्रू निघाला नाही, एक पत्रा फाटला नाही, एक वेल्डिंग सुटलं नाही. पत्रे, आडवे पाइप, कैच्या सगळं एकमेकांना धरून एका तुकड्यात उचललं गेलं आणि शेजाऱ्याच्या वाडीत सुपारीच्या झाडांवर जाऊन बसलं. भिंतीवर बघितलं तर प्रत्येक कैचीच्या खाली जी लोखंडी प्लेट होती तिचे अँकर बोल्ट चिऱ्यातून बाहेर आलेले, भिजलेल्या जमिनीतून खुंटी उपटावी तसे, बोल्टाला जांभ्याचा लाल भुगा तसाच चिकटलेला. फॅब्रिकेटरने चिऱ्याला भोक मारून तीन इंचाचे बोल्ट ठोकले होते. जांभा मऊ दगड, त्यात तो वरचा थर नुसता मातीत बसवलेला, तो काय धरून ठेवणार?

त्याच दिवशी चुलत भावाचे पत्रे गेले. त्याच्या घराचा सांगाडा पूर्ण जागेवर होता, फक्त पागोळीकडचे, म्हणजे छपराच्या खालच्या कडेचे, आणि टोकाचे पत्रे स्क्रूभोवती फाटून निघाले, स्क्रू पाइपमधे तसेच उभे, त्यांच्या टोप्यांसकट. आणि खालच्या आळीत एका घराचे आडवे पाइप कैचीपासून सुटले, कारण तिथे चारी बाजूंनी वेल्डिंग करायचं ते दोन टाके मारून सोडलं होतं.

तीन घरं, तीन वेगळी कारणं. पंचनाम्यात तिन्ही ठिकाणी एकच वाक्य आलं, छपराचे पत्रे उडाले, अंशतः नुकसान.

आणि म्हणून तिघांनाही दुकानात एकच सल्ला मिळाला. जाड पत्रा घ्या. पॉइंट चाळीस मिलिमीटरचा गेला ना, आता पॉइंट पन्नासचा घ्या. माझ्या घरावर अर्ध्या इंचाची लोखंडी प्लेट जरी टाकली असती तरी ज्या बोल्टावर ती उभी होती तो बोल्ट तोच राहणार होता, पण मला तेव्हा हे कळत नव्हतं आणि दुकानदारालाही कळत नसेल, तो पत्रा विकतो, त्याला पत्रा दिसतो. मी जाड पत्र्याचा भाव काढून आलोही होतो.

मला थांबवलं ते आमच्या गावातल्या म्हाताऱ्या सुतारांनी, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. ते काठी टेकत आले, भिंतीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, अरे कौलाचं छप्पर आपल्या वजनाने बसतं, पत्र्याला धरून ठेवावं लागतं, तू वजन काढून घेतलंस आणि धरायला काहीच दिलं नाहीस. माझा भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करत होता, त्याने रात्री बसून हिशोब करून दाखवला, तो इथे देतो कारण तो मला प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला बघायचाय.

एका चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौलं बसतात, म्हणजे वासे-रिपा सोडून ४० किलोच्या आसपास वजन. तेवढ्याच जागेवरचा पत्रा ४ किलो. आमचं छप्पर साधारण १३० चौरस मीटर, म्हणजे आधी घराच्या डोक्यावर पाच टन होते आणि आम्ही ते काढून अर्धा टन ठेवला. आता वारा. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणारा वारा एका चौरस मीटरवर साधारण ६५-७० किलोचा दाब देतो, अभ्यासाच्या पुस्तकातलं साधं सूत्र आहे ते, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि उताराच्या छपरावर हा दाब सगळा ढकलणारा नसतो, मोठा भाग उचलणारा असतो. वारा छपरावरून वळून जाताना वरून ओढतो, पागोळी, टोकं आणि आढं इथे सगळ्यात जोरात ओढतो, आणि दरवाजा किंवा खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही एकदम. आमच्या घरात ३ जूनला दरवाजा आत आल्यावर पाच मिनिटांत पाखं का गेलं ते मला वर्षभराने कळलं. अख्ख्या छपराचा हिशोब केला तर आठ टनांनी वर खेचलं जातंय आणि त्याच्यासमोर अर्धा टन पत्रा, थोडे पाइप आणि चिऱ्यातले तीन इंची बोल्ट.

म्हणजे निसर्गनंतर किनाऱ्यावरच्या किती घरांनी कौलं काढून पत्रे घातले असतील बघा, आणि त्यातल्या प्रत्येक घराचं छप्पर हलकं झालं. भिंत तीच, भिंतीचं डोकं तेच, वर वजन नाही. मदतीच्या पैशातून आम्ही पुढच्या वादळासाठी घरं आधीपेक्षा कमजोर करून ठेवली. कुणाची चूक म्हणून हे सांगत नाहीये. सांगणारं कुणी नव्हतं म्हणून झालं, आणि सांगणारं कुणी नव्हतं कारण छप्पर नेमकं कुठे हरलं ते कुठेच लिहिलेलं नाही.

आता रकान्याबद्दल. मोठं काही नको. चारच पर्याय छापा आणि खूण करायला जागा ठेवा. पत्रा स्क्रूपासून फाटला का, आडवा पाइप किंवा रीप कैचीपासून वा वाशापासून सुटली का, कैची किंवा वासा भिंतीपासून उपटला का, की भिंतीचा वरचा थरच छपराबरोबर गेला. कौलांचं घर असेल तर आधी कोने गेले का आणि कौलं तारेने बांधलेली होती का एवढं विचारा, कारण मंगलोरी कौलाला खालच्या बाजूला तार ओवायला भोक असतं आणि ते कशासाठी असतं हे आता आमच्या वयाच्या माणसांनाही माहीत नाही. आणि फोटो एक जास्त काढा. आईचा अंगणातला फोटो काढलात तो असू दे, पण एक फोटो भिंतीच्या डोक्याचा, जिथे छप्पर बसलेलं होतं तिथला. शिडी नसेल तर मोबाईल काठीला बांधूनही निघतो. लोकांना पाऊस यायच्या आत सगळं आवरायचं असतं, पंचनाम्याची माणसं येईपर्यंत पुरावा उचलला गेलेला असतो, तेव्हा वादळाच्या आधीच जे इशाऱ्याचे मेसेज पाठवता त्यात एक ओळ टाका की आवरायच्या आधी भिंतीच्या डोक्याचा आणि सुटलेल्या जोडाचा फोटो काढून ठेवा.

याचा उपयोग काय असं कुणी विचारेल. एका तालुक्यात पाचशे पंचनामे झाले आणि त्यातल्या तीनशेंवर भिंतीपासून उपटलं अशी खूण आली तर तुम्हाला त्या तालुक्यात काय शिकवायचं ते कळेल, कशाला पैसे द्यायचे ते कळेल, आणि त्या घरमालकाला दुकानात जायच्या आधी हातातल्या कागदावरूनच कळेल की आपला पत्रा जाड नकोय, आपली भिंत बांधून घ्यायचीय. आज त्याच्या हातात येणाऱ्या कागदावर फक्त टक्के असतात. किमान १५ टक्के नुकसान असलं पाहिजे, मग केंद्राच्या २०२२ ते २६ च्या निकषाप्रमाणे पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये, पूर्ण गेलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. ६,५०० मधे छप्पर होत नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, त्यात वाढ करायची की नाही हा मोठा विषय आहे आणि तो तुमच्या एकट्याच्या हातात नाही. पण ६,५०० मधे आहे ते छप्पर भिंतीला बांधून घेता येतं का? बऱ्याच घरांना येतं, निदान सुरुवात तरी होते. कुठे बांधायचं ते माहीत पाहिजे.

आम्ही तिसऱ्यांदा काय केलं ते सांगतो. पत्रा तोच वापरला, वाडीतून काढून आणलेल्यातला निम्मा सरळ होता, बाकीचा तेवढ्याच जाडीचा नवा घेतला. भिंतीचे वरचे तीन थर उतरवले, सिमेंटमधे परत बसवले, कोपऱ्यांत आणि कैचीच्या प्रत्येक जागी सळई त्या थरांतून खाली नेली आणि वर चारी बाजूंनी काँक्रीटचा बेल्ट ओतला. कैचीच्या प्लेटचे बोल्ट त्या बेल्टमधे ओततानाच धरले, नंतर भोक मारून नाही. म्हणजे आता कैची उचलायची तर भिंत उचलावी लागेल. आडव्या पाइपांतलं अंतर साडेचार फूट होतं ते तीन केलं. पागोळीच्या आणि टोकाच्या ओळीत पत्र्याच्या प्रत्येक उभारीवर, म्हणजे वर आलेल्या घडीवर, स्क्रू, मधे एक सोडून एक, आणि वॉशर रुंद. पागोळी तीन फूट बाहेर होती, पावसाचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून आपल्याकडे तशी ठेवतातच, ती दीड फुटावर आणली आणि त्याचा त्रास होतो, भिंतीला ओल येते, ते खोटं बोलणार नाही. पडवीचं छप्पर मूळ छपरापासून वेगळं केलं, म्हणजे पडवी गेली तर एकटी जाईल. आणि दारांना आजोबांच्या वेळचे अडसर होते ते माळ्यावर पडले होते, ते उतरवून परत बसवले.

या सगळ्याला एकूण खर्चाचा साधारण सहावा हिस्सा जास्त लागला. त्यात बेल्टचंच बरंचसं. दोनदा छप्पर घालण्यापुढे ते काहीच नाही.

नंतर भाच्याने सांगितलं की यातलं बहुतेक सगळं भारतीय मानक ब्युरोच्या एका मानकात आहे, आयएस १५४९८, सन २००४ चं, कमी उंचीची घरं चक्रीवादळात टिकावीत म्हणून काय करायचं याच्या मार्गदर्शक सूचना. २००४! म्हणजे निसर्गच्या १६ वर्षं आधी ते छापून तयार होतं. मला हे ऐकून जेवण गेलं नाही त्या दिवशी. माझ्या तालुक्यात जो मुलगा ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन घेऊन घरोघरी छपरं घालतो त्याने ते कधी बघितलेलं नाही, ते इंग्रजीत आहे म्हणून बघणारही नाही, आणि आमच्या घरांची छपरं तोच घालणार आहे, इंजिनिअर नाही. तो हुशार आहे, हात चांगला आहे, त्याला फक्त कुणी सांगितलेलं नाही. तालुक्याच्या आयटीआयमधे एप्रिल महिन्यात दोन दिवस या पोरांना बोलवा, सुतारांना बोलवा, दोन दिवसांची मजुरी द्या नाहीतर येणार नाहीत, आणि प्रत्यक्ष एक कैची चिऱ्याच्या भिंतीला बांधून दाखवा. आमचे बाबा अजून आहेत, त्यांना खुर्चीवर बसवून बोलायला लावा. चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून किनाऱ्यावर भूमिगत केबल आणि निवारा केंद्रांची कामं हाती घेतली गेली, ते हवंच आहे, त्याबद्दल शंका नाही, पण निवारा केंद्रातून माणूस दुसऱ्या दिवशी परत घरीच येतो.

मदतीचा दुसरा हप्ता ठेवता आला तर बघा. पहिली मदत आहे तशीच द्या, तिला काही अट लावू नका, ज्याच्या डोक्यावर आभाळ आहे त्याला अटी सांगायच्या नसतात. पण जो माणूस पावसाळा संपल्यावर रकान्यात लिहिलेला जोड दुरुस्त करून दाखवेल त्याला थोडे जास्त द्या. घरकुलाला टप्प्याटप्प्याने मोबाईलवर फोटो काढून हप्ते सोडताच ना, तीच पद्धत, बेल्ट ओतायच्या आधी सळईचा एक फोटो आणि कैची बसल्यावर एक.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल एक. वादळानंतर त्यांच्या तुकड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला महिनोन्महिने होते, पोरं त्यावर खेळत होती. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ छातीत गेली तर कॅन्सर होऊ शकतो. ओले करून उचला आणि एका जागी पुरा, याची व्यवस्था ग्रामपंचायतीला नेमून द्या.

आणि नावाचं प्रकरण. कोकणातली निम्मी घरं मेलेल्या माणसांच्या नावावर आहेत असं म्हटलं तर तुम्हालाही ते खोटं वाटणार नाही. आमचं घर आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन तीस वर्षं होऊन गेली, वारस अकरा, त्यातले आठ मुंबई-ठाण्याला, एक बडोद्याला. मदतीसाठी सगळ्यांची संमती गोळा करताना माझे अडीच महिने गेले आणि त्यात एका काकांशी बोलणं कायमचं बंद झालं, ते लॉकडाऊनमधे आजारी होते, त्यांना मी सहीसाठी सारखे फोन करत होतो, नंतर ते गेले. हे मला कुणाला माफ करून किंवा कुणावर ढकलून संपणार नाही. छपराची मदत जमिनीची मालकी ठरवत नाही, मग ती त्या घरात राहतो त्याला लाइट बिल आणि रेशन कार्डावर का देऊ नये? वारसांची भांडणं नंतर कोर्टात होतील, छप्पर आधी होऊ दे.

घाई का करतोय ते पण सांगतो. आमच्याकडे छपराची कामं मार्च ते मे अखेर होतात, नारळ-सुपारीची, आंब्याची कामं सांभाळून. २०२५ ला पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि लगेच वर सरकला, मे अखेरीस होणारी कितीतरी कामं अर्धी उघडी राहिली, लोकांनी काढलेली कौलं परत चढवायच्या आत भिजली. म्हणजे हाताशी असलेले आठवडे पण कमी होतायत. तुम्हाला रकाना वाढवायचा असेल, फॅब्रिकेटरना बोलवायचं असेल, ताडपत्री आणि दोर तालुक्याला आणून ठेवायचे असतील तर ते मे महिन्याच्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत ठरवून जमणार नाही, तोपर्यंत आमच्या भिंती बंद झालेल्या असतात. ते डिसेंबर-जानेवारीत ठरायला हवं.

आमच्याकडे यायचं असेल तर कधीही या. घरात वीस फुटी शिडी आहे. बेल्टमधून आलेले बोल्ट एका ठिकाणी मुद्दाम उघडे ठेवलेत, प्लास्टर केलेलं नाही, गावातली माणसं येऊन बघून जातात. आणि २०२१ ला चिऱ्यातून उपटलेले जुने बोल्ट डब्यात ठेवलेत, सोळाच्या सोळा, अजून लाल भुगा आहे त्यांना. पुढच्या प्रशिक्षणाला लागणार असतील तर मी घेऊन येतो.

आपला,
श्रीवर्धन तालुक्यातला एक घरवाला